विष्णुभटांनीं पाहिलेली झांशी

श्रोतेहो, इतिहासांतील मोठ्या प्रसंगांची हकीकत आपणांस बहुधा दोन प्रकारच्या लोकांकडून कळते. एक, ते प्रसंग घडवून आणणारे सेनापति व मुत्सद्दी. आणि दुसरे, मागाहून कागदपत्रें धुंडाळून त्यांवर ग्रंथ लिहिणारे पंडित. परंतु तिसराही एक मनुष्य असतो. त्याला ना लढावयाचें असतें, ना राज्य मिळवावयाचें. पोटापाण्याच्या उद्योगासाठीं तो आपल्या वाटेनें चाललेला असतो आणि इतिहासच त्याच्या अंगावर येऊन कोसळतो. अशा मनुष्याची साक्ष कोठें मानावी व कोठें मानूं नये, याचा आज आपण थोडा विचार करूं. हा मनुष्य म्हणजे पेणजवळील वरसई गांवचे वेदमूर्ति विष्णुभट गोडसे.

१८५७ सालीं विष्णुभटांचें वय तिशीच्या आसपास होतें. घरीं कर्ज झालेलें होतें. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार व त्यांत मोठी दक्षिणा वांटणार, अशी वार्ता कोंकणांत येऊन पोंचली. तेव्हां चुलते रामभट यांच्याबरोबर ते उत्तरेस निघाले. पलटणी, बंड, स्वराज्य यांपैकीं कशाचाही विचार त्यांच्या मनांत नव्हता. विचार होता तो कर्ज फेडण्याचा. मार्गांत शिपायांच्या उठावाचा वणवा पेटला, आणि फिरत फिरत हे दोघे भिक्षुक राणी लक्ष्मीबाईंच्या झांशींत जाऊन राहिले.

१८५८ च्या मार्चच्या २१ तारखेस सर ह्यू रोज यांची फौज झांशीपुढें आली. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांच्या सेनेचा १ एप्रिल रोजीं बेटवा नदीपाशीं मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरांत शिरले आणि ४ एप्रिलच्या रात्रीं राणी किल्ला सोडून बाहेर पडल्या. रोज यांच्या फौजेबरोबर टॉमस लो नांवाचा एक डॉक्टर होता. त्याचा या मोहिमेवरील ग्रंथ १८६० सालीं लंडन येथें प्रसिद्धही झाला. पण तो साक्षीदार तटाबाहेरचा. आमचे विष्णुभट तटाच्या आंत अडकलेले होते.

रात्रीच्या अंधारांत तोफांचे गोळे आकाशांतून कसे येत, शहर पडल्यावर गल्लोगल्लीं विजन कसें झालें, लोक जीव मुठींत धरून कसे लपून बसले, हें सर्व ते सांगतात. लूट कोणत्या क्रमानें झाली तेंही त्यांनीं लक्षांत ठेविलें आहे: आधीं सोनेंरुपें, मग तांब्यापितळेचीं भांडीं, मग कपडालत्ता व धान्य. ज्याच्या डोळ्यांदेखत घरांतील शेवटची कळशी जाते, त्यालाच हा क्रम आठवतो. सेनापतीच्या खलित्यांत तो सांपडावयाचा नाहीं. राजवाड्यांतील मोठ्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचें दुःख तर या वेदाध्यायी ब्राह्मणानें फार कळवळून सांगितलें आहे.

पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांची व राणींची गांठ पडली. अंगावर पठाणी पोशाख, सर्वांग धुळीनें माखलेलें, तहानेनें जीव कासावीस झालेला. भटजी पाणी काढूं लागले, तेव्हां विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घेणें योग्य नव्हे असें म्हणून राणींनीं स्वतः पाणी काढलें व मातीच्या मडक्यांतून ओंजळीनें त्या प्याल्या. पोवाड्यांतून व पुतळ्यांतून आपण पाहतों ती राणी घोड्यावरची. विहिरीच्या कांठची ही थकलेली राणी आपणांस एका भिक्षुकामुळें दिसली.

परंतु हेच विष्णुभट ऐकीव गोष्टी सांगूं लागले म्हणजे त्यांचा पाय घसरतो. उठावाचें कारण देतांना ते लिहितात कीं, इंग्रजांनीं ८४ कलमें तयार करून संस्थानिकांच्या सभेंत कलकत्त्यास मांडलीं. अशी सभा कधीं झालीच नाहीं. तरी ती अफवाही टाकाऊ नव्हे. बाजारांत व धर्मशाळेंत लोक काय बोलत होते, त्यांना कशाचें भय वाटत होतें, याची ती खूण आहे. शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांना हीच कसोटी सांगत असें: सांगणारा तेथें उभा होता काय? असला, तर त्याचे शब्द जपून ठेवा. नसला, तर त्यानें तें कोणाच्या तोंडून ऐकलें तें विचारा.

ही साक्ष आपल्यापर्यंत आली तीही सरळ वाटेनें नव्हे. गंगोदकाची कावड घेऊन भटजी घरीं परतले आणि त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. पण हकीकत कागदावर उतरली ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, १८८३ च्या सुमारास, मोडी लिपींत. सरकारच्या भयामुळें ती त्यांच्या हयातींत छापली गेली नाहीं. १९०७ सालीं वैद्यांनीं ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तोही भाषा सुधारून व मजकुरांत फेरफार करून. मूळ हस्तलिखित त्यांनीं १९२२ सालीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोंपविलें, हे त्यांचे उपकार. तें मूळ स्वरूपांत महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं छापविलें. म्हणजे तब्बल ५९ वर्षें मराठी वाचक विष्णुभटांचें म्हणून जें वाचीत होते, त्यांत दुसऱ्याचा आवाज मिसळलेला होता.

श्रोतेहो, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची काळरात्र, हे प्रसंग डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आपल्या घरांत, शेजारांत आहेत. त्यांतील पुष्कळांना वाटतें कीं, आपण कोण मोठे, आपलें कोण ऐकणार? विष्णुभटही कोणी मोठे नव्हते. अशा वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. त्यांनीं पाहिलें काय आणि ऐकलें काय, हें वेगवेगळें लिहून घ्या, वर तारीख घाला. आणि एवढी कृपा करा कीं, त्यांची भाषा सुधारूं नका.