गिरणीचा भोंगा आणि वड्याची गाडी

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे कोणी मुंबईस जाऊन आले असतील, त्यांनी दादर स्टेशनाबाहेर वड्याची गाडी पाहिली असेलच. पाहिली म्हणजे काय, एखादा वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे पाऊलच टाकले नसेल! उकळत्या तेलाची कढई, परातीत भिजवलेले डाळीचे पीठ, लसणाची लाल चटणी आणि मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. माझे लहानपण याच दादरात गेले. खिशात पैसे असोत की नसोत, शाळेतून येताना त्या वासापाशी दोन मिनिटे रेंगाळायचे, हा आमचा नेम.

आज या गाडीची कुळकथा सांगायची आहे. कथेचा आरंभ मात्र थोडा दूरचा आहे. वडापाव हा अस्सल मराठी पदार्थ म्हणून आपण मिरवतो, पण त्यातली दोन मुख्य नावे परदेशी आहेत. बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. उत्तरेकडचे लोक त्यालाच आलू म्हणतात. पाव हा शब्दही त्यांचाच, त्यांच्या भाषेतल्या पावरोटीच्या नावावरून आलेला. पीठ पायांनी मळतात म्हणून पाव, असे काही लोक सांगतात. ते खरे नव्हे. शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावे. आणि मिरची? तीही मूळची अमेरिकेची.

परंतु बटाटा आणि पाव एकत्र आले ते गिरणगावाच्या शहरात. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1856 साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, गिरगावापलीकडचा तो सारा भाग धुरांड्यांनी भरून गेला. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा गडी बायकामुले गावी ठेवून गिरणीत लागला. एकेका खोलीत कितीतरी माणसे राहत. एक पाळी कामावर, तर दुसरी त्याच जागेवर झोपलेली. यांच्या पोटाची सोय कोणी केली? खाणावळवाल्या बायांनी. घरच्याच चुलीवर पंधरावीस माणसांचे कालवण-भाकरी करायचे आणि पगाराला हिशेब चुकता करून घ्यायचा. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संपांची नावे येतात, पुढाऱ्यांची येतात. या बायांची फारशी येत नाहीत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा कुठे बँकेचे कर्ज त्यांच्या हाती पडू लागले.

पण खाणावळीचे जेवण म्हणजे बसून खायचे जेवण. भोंगा झाला, पाळी सुटली, गाडी पकडायची आहे, आणि पोटात तर कावळे ओरडताहेत, अशा माणसाने काय करावे? त्याला ताट नको, वाटी नको, बसायला जागा नको. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे मिळतात. तिथेच 1966 साली अशोक वैद्य यांनी आपल्या गाडीवर बटाटेवडा पावात घालून विकायला आरंभ केला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मोठी युक्ती नव्हती हो! वडा आधीही होता, पावही होता. पण पाव हीच पत्रावळ झाली, आणि एका हाताने खाता खाता दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळता येऊ लागली.

मग आला 1982 चा जानेवारी. 18 तारखेला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून अनेकांचे काम परत आलेच नाही. कोणी गावी परतला, कोणी भाजीची पाटी घेतली, तर कोणी हातगाडी लावली. काल ज्या गाडीपुढे उभे राहून खाल्ले, तिच्याच मागे आज झारा घेऊन उभे राहायचे, असे कित्येकांच्या नशिबी आले.

गाडी लावली, पण उभी कुठे करायची? पोलीस हटकणार, पालिकेची मोटार आली की कढईसकट पळायचे. तेल तापलेले असते, हे ध्यानात घ्या! रस्ता चालणाऱ्यांचा, ही तक्रारही खोटी नाही. म्हाताऱ्या माणसाला पदपथ मोकळा हवाच. दिल्लीतल्या एका खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रस्त्यावर विक्री करणे हा योग्य नियमांत राहून करावयाचा घटनादत्त व्यवसाय आहे. मात्र अमुकच जागा मिळावी, असा हक्क नाही. पुढे 2014 साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यानुसार आधी विक्रेत्यांची पाहणी करावयाची, प्रमाणपत्रे द्यावयाची, आणि तोवर कोणाला हुसकायचे नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कायदा चांगला आहे. कागदावरचा कायदा आणि चौकातली गाडी यांची भेट मात्र सगळीकडे सारखीच झाली, असे नाही.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. तुमच्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडावरही भजी, मिसळ, भेळ यांच्या गाड्या असतील. मुलांना तिथे पाठवा आणि गाडीवाल्याला किंवा गाडीवालीला विचारू द्या: गाडी कधी लावली, आधी काय करीत होता, ही जागा कशी मिळाली? वहीत लिहून घ्या. गावाचा पुष्कळसा इतिहास त्यातून हाती लागेल. मात्र जरा गर्दी ओसरल्यावर जा. घाणा कढईत असताना कोणीच धड उत्तर देत नाही.