जीवसंग्रह-खेळ : पण आणि दैवलाभ

काल्पनिक प्राणी, भुते किंवा राक्षस यांना शोधून पकडणे, त्यांना वाढविणे, झुंजविणे आणि त्यांचा संग्रह करणे हे ज्यांचे मुख्य अंग असते, अशा व्हिडिओ खेळांना जीवसंग्रह-खेळ म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये या प्रकारास निश्चित रूप आले आणि ‘पोकेमॉन’ (१९९६) या मालिकेमुळे तो जगभर पसरला. खेळ रचणाऱ्यांनी ठरवून दिलेली उद्दिष्टे सामान्यतः दोनच असतात : सर्व जीव गोळा करणे आणि सर्व प्रतिस्पर्ध्यांस हरविणे. तथापि दीर्घकाळ खेळणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टींना या उद्दिष्टांहून अधिक महत्त्व आले. एक म्हणजे स्वतःवर अट लादून घेऊन खेळ जाणूनबुजून अवघड करणे. प्रस्तुत लेखात यास ‘पण’ म्हटले आहे. दुसरी म्हणजे हजारो वेळा शोध करूनही मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या दुर्मिळ जीवाचा ध्यास. हा ‘दैवलाभ’ होय.

या दोन्ही प्रवृत्ती यंत्राबरोबर जन्मास आलेल्या नाहीत. मराठीत ‘पण’ या शब्दास पैज व प्रतिज्ञा असे दोन्ही अर्थ आहेत आणि पैजेतून प्रतिज्ञा कशी निर्माण होते याचा महाराष्ट्रातील एक फार जुना दाखला पैठणशी निगडित आहे. तो खेळातील नसून कथावाङ्‌मयातील असला, तरी त्यात पिशाचे आहेत, संग्रह आहे आणि हरवता हरवता हाती लागलेला अंशही आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागराच्या आरंभी तो येतो. प्रतिष्ठान म्हणजेच पैठण येथील सातवाहन राजाला व्याकरण येत नव्हते. जलक्रीडेच्या वेळी राणीने ‘पाणी उडवू नका’ अशा अर्थी उच्चारलेल्या संस्कृत शब्दांतील संधी त्याला उमगला नाही आणि त्याने मोदक मागविले. झालेल्या उपहासाने खिन्न झालेल्या राजास सहा वर्षांत व्याकरण शिकविण्याची तयारी गुणाढ्य या मंत्र्याने दर्शविली. शर्ववर्मा या दुसऱ्या मंत्र्याने तेच काम सहा महिन्यांत करण्याचे पतकरले. तेव्हा गुणाढ्य म्हणाला, की हे घडले तर संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा मी त्याग करीन. शर्ववर्म्यानेही, आपण हरलो तर बारा वर्षे गुणाढ्याच्या पादुका डोक्यावर वाहू, असे सांगितले. कार्तिकेयाच्या कृपेने लाभलेल्या ‘कातंत्र’ या संक्षिप्त व्याकरणाच्या बळावर शर्ववर्मा जिंकला.

येथपर्यंत ही सामान्य दरबारी पैज आहे. तिचे वेगळेपण पुढे दिसते. गुणाढ्याने शब्द पाळला का, हे पाहण्यास कोणी पंच नव्हता. तरीही तो मौन धरून दोन शिष्यांसह विंध्यारण्यात गेला. त्यागलेल्या तीन भाषांत न मोडणारी एक भाषा तेथे त्याला आढळली : पिशाचांची. ज्या बोलीकडे पंडित ढुंकूनही पाहत नसत, ती त्याने आत्मसात केली आणि काणभूती नामक पिशाचाकडून ऐकलेल्या कथा सात वर्षांत सात लक्ष श्लोकांत लिहून काढल्या. शाई नसल्याने रक्ताने लिहिल्या, असे कथा सांगते. राजाने हा ग्रंथ नाकारला. मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटवून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखविले व ते जाळले. ऐकण्यात गुंगलेल्या पशूंनी चरणे सोडले, त्यांचे मांस शुष्क झाले, ते खाऊन राजा आजारी पडला आणि कारणाचा शोध घेत तो अरण्यात पोहोचला. तोपर्यंत सहा लक्ष श्लोक भस्मसात झाले होते. शिष्यांना प्रिय म्हणून मागे ठेवलेले एक लक्ष तेवढे वाचले, हीच बृहत्कथा.

ही हकीकत इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु बृहत्कथा भूतभाषेत होती, ही परंपरा दंडीच्या काव्यादर्शातही आहे. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. सोमदेव व क्षेमेंद्र यांच्या काश्मिरी संस्कृत आवृत्त्यांवरून तो ओळखावा लागतो. बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह हा त्याचा तिसरा, अपूर्ण अवशेष हरप्रसाद शास्त्री यांना १८९३ मध्ये नेपाळात मिळाला आणि फ्रेंच विद्वान फेलिक्स लाकोत याने १९०८ पासून तो संपादित केला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कथेतील मर्म एवढेच, की पणाने गुणाढ्याची वाट केवळ अडविली नाही. एरवी ज्याकडे त्याचे लक्षही गेले नसते अशा भाषेकडे ती वळविली. आधुनिक खेळातील पणांचे सामर्थ्यही नेमके येथेच आहे.

जीवसंग्रहाची कल्पना व्हिडिओ खेळांत टप्प्याटप्प्याने आली. ‘मेगामी टेन्सेई’ (१९८७) या जपानी खेळात राक्षसांशी वाटाघाटी करून त्यांना आपल्या बाजूस वळविता येत असे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेच्या पाचव्या भागात (१९९२) पराभूत राक्षसांपैकी काही नायकाच्या पथकात येत. संग्रह हाच खेळाचा कणा मात्र सातोशी ताजिरी (जन्म १९६५) याने केला. टोकिओनजीकच्या माचिदा या उपनगरात त्याचे बालपण गेले. उन्हाळ्यात भुंगे व इतर कीटक पकडणे हा जपानी मुलांचा जुना छंद. शहर वाढत गेले तसे माचिदातील शेते व तळी नाहीशी झाली आणि त्यांबरोबर कीटकही. निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरावयाच्या संचांना जोडणारी तार पाहून, तिच्यातून कीटक एका संचातून दुसऱ्या संचात जात आहेत अशी कल्पना त्याला सुचली. गेम फ्रीक या त्याच्या संस्थेने २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘रेड’ व ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रसिद्ध केल्या. काही जीव एकीतच, तर काही दुसरीतच मिळत. त्यामुळे अदलाबदल केल्यावाचून संग्रह पुरा होत नसे.

दैवलाभाची पहिली मोठी लाट मात्र योजनेतून उसळलेली नाही. प्रकाशनापूर्वी चाचणीची साधने काढून टाकल्यावर काडतुसात थोडी जागा उरली आणि शिगेकी मोरिमोतो या आज्ञावलीकाराने तीत ‘म्यू’ हा १५१ वा जीव घातला. नियमित खेळात तो भेटत नसे. त्याची वदंता मुलांत पसरल्यावर ‘कोरोकोरो’ या मासिकाने तो वीस वाचकांना देण्याचे जाहीर केले, तेव्हा ७८,००० अर्ज आले. खेळाच्या पुढील भरभराटीस या गुपिताने मोठा हातभार लावला.

‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ (२१ नोव्हेंबर १९९९) या आवृत्त्यांत दैवलाभास गणिती बैठक मिळाली. प्रत्येक जीव क्वचित वेगळ्या रंगात दिसू लागला. अशा जीवास खेळाडू ‘शायनी’ म्हणतात. कथानकात एका सरोवरावर भेटणारा तांबडा ग्याराडोस हा सर्वांना हमखास मिळणारा शायनी. बाकी सर्व दैवाधीन. प्रत्येक जीवास ० ते १५ यांपैकी एकेक मूल्य असलेले चार गुण असत. त्यांपैकी संरक्षण, वेग व विशेष या तिन्हींचे मूल्य नेमके १० आणि आक्रमणाचे मूल्य ठराविक आठांपैकी एक असेल, तरच रंग बदले. तिन्ही दहा येण्याची संभाव्यता ४,०९६ त एक. आक्रमणाची अट ती निम्मी करते. म्हणून एकूण ८,१९२ त एक. पुढील आवृत्त्यांत गणनेची रीत बदलली, पण प्रमाण तेच ठेवले गेले. २०१३ च्या ‘एक्स’ व ‘वाय’ पासून ते ४,०९६ त एक असे दुप्पट सुलभ झाले.

या आकड्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ८,१९२ भेटी झाल्या म्हणजे एक शायनी मिळालाच पाहिजे, असे अनेक जण मानतात. वस्तुतः एवढ्या भेटींनंतरही रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचे प्रमाण सु. ३७ टक्के असते. निम्म्या खेळाडूंना सु. ५,६८० भेटींच्या आतच लाभ होतो, तर काहींना वीस हजारांनंतरही होत नाही. प्रत्येक भेट स्वतंत्र असते. पाशांना मागचे दान आठवत नाही, तसे यंत्रालाही आठवत नाही. शायनी जीव बळाने श्रेष्ठ नसतो. फरक केवळ रंगाचा. तरीही त्यासाठी महिनोन्‌महिने एकाच गवताच्या पट्ट्यातून येरझाऱ्या घातल्या जातात, यावरून संग्राहकाला वस्तूइतकीच तिच्यामागील मोजदादही प्रिय असते, असे म्हणावे लागते.

दैवावर थोडी पकड मिळविण्याचे मार्गही निघाले. २००६ मधील ‘डायमंड’ व ‘पर्ल’ या आवृत्त्यांत, भिन्न भाषांच्या खेळांतून आलेल्या दोन जीवांची जोडी जमविल्यास पिल्लू शायनी निघण्याची शक्यता सु. पाचपट होत असे. जुनिची मासुदा या निर्मात्याच्या नावाने ही रीत ओळखली जाते. मालिकेतील मुख्य खेळ एकाही भारतीय भाषेत निघालेले नसल्याने येथील इंग्रजी प्रतीच्या खेळाडूस यासाठी जपानी किंवा युरोपीय भाषेतील जीव अदलाबदलीने मिळवावा लागतो.

पणाचा इतिहास याहून वेगळा, कारण तो निर्मात्यांनी नव्हे, खेळाडूंनी घडविला. एकाच जीवाच्या बळावर खेळ संपविणे, औषधे न वापरणे असे पण आधीपासून प्रचलित होते. त्यांना सर्वमान्य रूप आले ते २०१० मध्ये. निक फ्रँको या अमेरिकन तरुणाने ‘रूबी’ ही आवृत्ती स्वतःच्या दोन नियमांनी खेळून तिची चित्रकथा प्रसिद्ध केली. पहिला नियम, प्रत्येक प्रदेशात प्रथम भेटेल तोच जीव पकडावयाचा, तो निसटल्यास दुसरा घ्यावयाचा नाही. दुसरा, झुंजीत मूर्च्छित झालेला जीव मृत समजून सोडून द्यावयाचा. मूळ खेळात मूर्च्छा क्षणात उतरविता येते, हे लक्षात घेतल्यास दुसऱ्या नियमाची तीव्रता कळेल. चित्रकथेत नझलीफ नावाच्या जीवास एका दूरचित्रवाणी मालिकेतील जॉन लॉक या पात्राचा चेहरा दिला होता. त्यावरून या पणास ‘नझलॉक’ हे काहीसे विचित्र नाव पडले. प्रत्येक जीवास स्वतंत्र नाव द्यावे, ही तिसरी चाल लवकरच रूढ झाली.

या नियमांचा परिणाम केवळ काठिण्य वाढण्यात झाला नाही. मोकळेपणे खेळणारा खेळाडू बलिष्ठ असे सहा जीव निवडतो आणि उरलेल्यांना संग्रहपेटीत टाकतो. नझलॉक पाळणाऱ्यास निवड नसते. गुहेत शिरताच बहुधा झुबॅट हे वटवाघूळ भेटते. एरवी उपद्रव म्हणून टाळले जाणारे हे वटवाघूळ अशा वेळी पथकाचा आधार बनते, त्याचे गुणदोष बारकाईने शिकावे लागतात आणि ते गेले की चुटपुट लागते. नाव दिल्यामुळे त्या प्रजातीतील तो एक विशिष्ट जीव होतो. शेकडो जीव पकडणाऱ्यास जे ममत्व वाटत नाही, ते पंधरा-वीस जीवांपुरते मर्यादित झालेल्यास वाटते, असा अनुभव अनेक खेळाडू सांगतात.

पण व दैवलाभ यांची गाठ पडते तेथे एक मनोरंजक अपवाद रूढ आहे. प्रदेशातील पहिली भेट आधीच होऊन गेली असली, तरी शायनी दिसल्यास तो पकडण्याची मुभा बहुतेक जण स्वतःस देतात. काही कठोर मंडळी तो पकडतात, पण झुंजीत उतरवीत नाहीत. स्वतःच केलेल्या कायद्यात स्वतःच पळवाट ठेवण्याचा हा प्रकार दुबळेपणाचा वाटेल. तथापि अपवाद आधी जाहीर केलेला असतो, यास महत्त्व आहे. मोह समोर उभा राहिल्यावर केलेला अपवाद पण मोडल्यातच जमा होतो. पंच नसल्याने सारी भिस्त प्रामाणिकपणावर असते. अनेक जण संपूर्ण खेळ थेट प्रक्षेपित करतात, भेटींचा आकडा पडद्यावर ठेवतात आणि गमावलेल्या जीवांसाठी संग्रहात वेगळी पेटी राखून तिला स्मशान म्हणतात.

दैव विकावयास काढले गेल्यावर या विषयाचे स्वरूप गंभीर झाले. पैसे देऊन अज्ञात वस्तू काढावयाच्या सोडतींपैकी संच पूर्ण केल्यावर बक्षीस देणारा प्रकार जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०१२ मध्ये बेकायदा ठरविला. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा सशुल्क पेट्यांवर जुगाराच्या कायद्यान्वये बंधने आली. भारतात ‘पोकेमॉन गो’ हा प्रत्यक्ष रस्त्यांवर फिरून खेळावयाचा प्रकार डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे आला. मुंबईत तो त्याआधीच, जुलैपासून, अनधिकृतपणे खेळला जात होता. देवस्थानांच्या जागी खेळातील अंडी मिळतात, या आक्षेपावरून सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिकाही झाली. कौशल्य व दैव यांतील सीमारेषा महाराष्ट्रात जुनी आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते आणि बक्षिसी स्पर्धांविषयीच्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हाच भेद ग्राह्य धरला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र द्रव्यलाभाच्या अपेक्षेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपुरता तो भेद बाजूस सारला. ज्या सोडतीतून पैसा नव्हे, केवळ एक रंगीत जीव हाती येतो, तिच्याबाबत खेळाडूस मुख्यतः स्वतःच्या मर्यादेवरच विसंबावे लागते.

संग्रहाच्या टिकाऊपणाचा प्रश्न त्याहून साधा, पण अटळ आहे. १९९९ मधील ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ यांच्या काडतुसांत साठविलेला खेळ एका छोट्या विद्युत्‌घटावर जिवंत राहतो. घटिकायंत्रही त्याच घटावर चालत असल्याने तो आधीच्या आवृत्त्यांहून लवकर संपतो. २००२ च्या ‘रूबी’ व ‘सफायर’ या आवृत्त्यांत जुन्या काडतुसांतील जीव नेण्याची सोय ठेवली गेली नाही. घट बदलण्यासाठी काढला, की वेगळी नक्कल करून ठेवली नसल्यास स्मृती पुसली जाते. त्यामुळे पहिल्या शायनी जीवांपैकी पुष्कळसे आज कोणत्याच संग्रहात उरलेले नाहीत.