हिपॅटायटिस बी : आईकडून बाळाकडे जाणारी कावीळ आणि पहिले चोवीस तास

"डॉक्टर, मला तर आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. मग हा रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?"

गरोदरपणातील तपासणीत 'एचबीएसएजी' पॉझिटिव्ह आला की बहुतेक स्त्रिया हाच प्रश्न विचारतात. सोबत आलेली सासू घाबरलेली असते, नवरा गप्प असतो आणि सर्वांच्या मनात नको त्या शंका येतात. या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

ऑस्ट्रेलियातील रक्ताचा नमुना

अमेरिकन शास्त्रज्ञ डॉ. बारूख ब्लुमबर्ग हे जगभरातील लोकांच्या रक्तातील प्रथिनांचा अभ्यास करत होते. कावीळ हा त्यांचा विषयच नव्हता. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्यांना एक वेगळे प्रथिन आढळले. १९६५ साली त्यांनी ते 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' या नावाने जाहीर केले. पुढे काही वर्षांत हे प्रथिन हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे आहे, हे स्पष्ट झाले. तुमच्या रिपोर्टवरचे 'एचबीएसएजी' म्हणजे हेच. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

या शोधामुळे तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाच्या रक्तातही हा विषाणू वर्षानुवर्षे राहू शकतो, हे कळले. म्हणजे डोळे पिवळे झाले नाहीत म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही.

तैवानमध्ये उलगडलेले कोडे

तैवानमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. तेथे डॉ. पामर बीसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू बाळगणाऱ्या, पण कोणताही त्रास नसलेल्या मातांच्या बाळांवर लक्ष ठेवले. १९७५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा शंभर बाळांपैकी सुमारे ४० बाळांच्या रक्तात पहिल्या सहा महिन्यांत विषाणूची खूण दिसू लागली. मात्र बहुतेकांच्या रक्तात ती जन्माच्या वेळी नव्हती, नंतर आली. म्हणजे लागण प्रामुख्याने पोटात असताना नव्हे, तर प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्ताशी व स्रावांशी संपर्क आल्याने होत होती.

ही फार आशेची गोष्ट होती. लागण जन्माच्या वेळी होत असेल, तर विषाणू यकृतात ठाण मांडण्याआधी बाळाला संरक्षण देता येते. तैवानने जुलै १९८४ पासून बाधित मातांच्या बाळांना आणि १९८६ पासून सर्वच नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत तेथील ६ ते १४ वयोगटातील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले.

लस आपल्याकडे कधी आली?

सुरुवातीला लस आयात होत असे. एका डोसला काही शे रुपये पडत, त्यामुळे सामान्य कुटुंबाला ती परवडत नसे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि किमती उतरल्या. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि त्यानंतर २०११ पासून देशभर तिचा विस्तार झाला.

आता या तारखा आपल्या पेशंटच्या वयाशी ताडून पाहा. आज बाळंतपणासाठी येणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा जन्म २००७ च्या आधीचा आहे. त्यांच्यापैकी अनेकींना जन्मतः ही लस मिळालेलीच नाही. बाळपणी लागण झाली तर दहापैकी नऊ जणांत ती कायम राहते. मोठेपणी झाली तर बहुतेक जण बरे होतात. म्हणून सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीला हा विषाणू कदाचित तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीच मिळालेला असू शकतो. नक्की कुठून आला, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. तेव्हा कोणाकडे बोट दाखवू नका.

ही साखळी तोडण्यासाठी काय करावे?

• प्रत्येक गरोदरपणात एचबीएसएजी तपासणी करून घ्या, पहिल्या तीन महिन्यांत केलेली उत्तम.

• पॉझिटिव्ह असल्यास रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासावे लागते. ते जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिरची गोळी दिली जाते.

• बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळायलाच हवा. बाधित मातेच्या बाळाला सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत. ते मिळेपर्यंत लस थांबवू नये.

• पुढचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना. बाळ नऊ महिने ते वर्षाचे झाले की त्याची रक्ततपासणी.

• स्तनपान चालू ठेवा. केवळ या कारणासाठी सिझेरियनची गरज नसते.

• नवरा, आधीची मुले, आई आणि भावंडे यांचीही तपासणी करून घ्या.

वसई-विरारमधील बऱ्याच सुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, कोणी कोकणात, कोणी घाटावर, कोणी थेट उत्तर प्रदेशात. रिपोर्ट इथल्या कपाटात आणि प्रसूती तिकडे, असे होऊ देऊ नका. रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत सर्वांत आधी ठेवा. दवाखान्यात दाखल होतानाच सांगा, "मी हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे, बाळाची लस तयार ठेवा." हे सांगताना लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

तुमच्या जन्माच्या वेळी ही लस सगळ्यांना मिळत नव्हती. तुमच्या बाळासाठी ती आज सरकारी दवाखान्यात मोफत आहे.