चावडीवरचा रेडिओ

१९५६ सालच्या फेब्रुवारीत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक आगळा प्रयोग आरंभिला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे एक श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, या मंडळांसाठी मुद्दाम बसवलेला मराठी कार्यक्रम लागे. माणसे जमत, ऐकत. मग यंत्र बंद करून ऐकलेल्यावर बोलत बसत. कुणी म्हणे हे खत आपल्या जमिनीला मानवायचे नाही, कुणी म्हणे करून तर बघू. चिटणीस शंका टिपून पुण्याला धाडी आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. एप्रिलअखेरपर्यंत असे २० कार्यक्रम झाले. कल्पना मूळची कॅनडाची. तिकडच्या दूरदूर विखुरलेल्या शेतकऱ्यांसाठी १९४१ पासून अशी मंडळे चालत होती. आपल्याकडच्या प्रयोगाला युनेस्कोचे पाठबळ होते.

आजच्या वाचकाला यात नवल वाटायचे नाही. पण त्या काळी रेडिओ ही वाड्यातली वस्तू होती. विकत घेणे तर दूरच, घेतला तरी त्याला सरकारी परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. खेड्यात वीज नाही. म्हणजे बॅटऱ्या आल्या, त्यांचा खर्च आला. कुळवाडी माणसाच्या घरात नभोवाणी यायची तर कशी यायची? सरकारने त्यावर तोड काढली ती सामुदायिक श्रवणाची. गावाला मिळून एक यंत्र, चावडीत नाहीतर शाळेत ठेवायचे. मुंबई राज्याने तर अशी यंत्रे बसवण्याची आणि ती दुरुस्त ठेवण्याची निराळी व्यवस्थाच केली होती. गरिबाच्या दारापर्यंत नवे यंत्र न्यायचे, तर आधी ते गावाच्या मालकीचे करावे, हा विचार त्यामागे होता. मला तो आजही शहाणपणाचा वाटतो.

पुण्याच्या प्रयोगाची खरी मौज मात्र पुढेच आहे. त्याची पारख करण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिले होते आणि त्यासाठी डॉ. पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ आले होते. हा माणूस मूळ व्हिएन्नाचा. हिटलरच्या दाखाउ आणि बुखेनवाल्ड या दोन छळछावण्या भोगून सुटलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला. त्या गृहस्थाने आपल्याकडच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांना काय विचारावे, तर उंदीर, खत, रोगराई आणि पंचायत यांविषयी काय ठाऊक आहे! पण पद्धत चोख होती. तीन तऱ्हेची गावे घेतली. काही गावांत रेडिओही होता आणि मंडळही. काहींत रेडिओ होता, मंडळ नव्हते. काहींत दोन्ही नव्हते. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर तेच प्रश्न विचारून माणसांच्या माहितीत किती भर पडली हे पाहिले.

मंडळांच्या गावांत माहिती भराभर वाढली होती. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथे फरक पडला, पण तो नाव घेण्याजोगा नव्हता. आवाज तोच, भाषा तीच, कार्यक्रमही तेच. एका गावात यंत्राभोवती बोलणारी माणसे होती, दुसऱ्यात नव्हती, एवढाच काय तो भेद! माझ्या मते गेल्या सत्तर वर्षांत सरकारने गरिबासाठी जी जी यंत्रे गावोगाव नेली, त्या सगळ्यांची कुंडली या एका निष्कर्षात मांडलेली आहे.

आमच्या चंदगडकरांच्या दृष्टीने या कहाणीला आणखी एक गाठ आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हे कार्यक्रम ऐकले जात होते तेव्हा आमचा तालुका कोल्हापुरात नव्हताच. तो बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि एकटा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. प्रयोग आटोपल्यावर सहा महिन्यांनी आम्ही त्या जिल्ह्यात आलो! बाजार बेळगावचा, कचेरी कोल्हापूरची, घाट उतरला की कोकण आणि गोवा. आणि रेडिओचा काटा फिरवला की १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र कानडीत बोलू लागे. पुणे केंद्र १९५३ चे, पण ते लांब. सांगलीचे केंद्र निघाले १९६३ साली.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. साठ सालच्या सुमारास लग्न होऊन त्या या गावात आल्या. चावडीवरचा रेडिओ त्यांना चांगला आठवतो, पण दिसायला कसा होता हे सांगता येत नाही; कारण त्यांनी तो पाहिलाच नाही. यंत्र लाकडी पेटीत असे, पेटीला कुलूप असे आणि किल्ली एका वजनदार माणसाच्या घरी असे. संध्याकाळी त्याला सवड असली तर पेटी उघडायची. आजी म्हणतात, "गाणं लागलं की आमी पाण्याच्या वाटेवर घागर घिऊन हुभ्या ऱ्हायचो. चावडीफुडनं बाईमाणूस डोक्यावरचा पदर वढून जायचं, थितं बसनार कशी?" खाली वाड्यातल्या माणसांनाही चावडीची पायरी चढायला मनाई असल्यागतच होते, ती लांब वडाच्या पारावर बसून ऐकत. आणि पावसाळ्यात तर सगळ्यांचीच पंचाईत. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने आभाळ फाटलेले. दमटपणाने बॅटरी उतरली की नवी येईपर्यंत पेटी मुकी. तिच्यावर कुणीतरी विणलेला रुमाल घातला होता, तो तेवढा नवा राहिला असे त्यांच्या सासऱ्यांनी घरी येऊन सांगितल्याचे त्यांना आठवते.

सरकारी दप्तरात या गावापुढे "रेडिओ आहे" असेच लिहिलेले असणार. ते खोटे नव्हते. पण तो कुणाला होता?

१९५९ साली श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, ज्याच्या त्याच्या खांद्याला लटकू लागले आणि चावडीवर जमायचे कारणच उरले नाही. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. आजींना पहिल्यांदा पोटभर गाणी ऐकायला मिळाली ती थोरल्या मुलाच्या ट्रान्झिस्टरवरच. मात्र ऐकून झाल्यावर यंत्र बंद करून बोलत बसायची जी रीत होती, ती त्याबरोबर गेली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहामार्फत खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातल्या विजापूरला तो मिळाला. चंदगड आणि विजापूर वीस वर्षांपूर्वी एकाच मुंबई राज्यात होते. आमचे नशीब सीमेवरचे, दुसरे काय! १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने खेड्यांसाठी लहानसे टेलिफोन केंद्र देशातच घडवले आणि नंतर नाक्यानाक्यांवर पिवळ्या पाट्यांची फोनची टपरी दिसू लागली. या टपरीविषयी मला फार आदर आहे. तिला कुलूप नव्हते असे नाही, पण किल्लीवाल्याचे पोट गिऱ्हाइकावर होते. ज्याला नंबर फिरवता येत नाही त्याला तो फिरवून देई; मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याशी बोलताना बाईला रडू आले तर मीटरकडे बोट दाखवून सावधही करी.

मग आमच्याच जिल्ह्यात, पण उत्तरेच्या टोकाला, वारणानगरला संगणक आला. तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या माळावर सहकाराचे जे जग उभे केले, साखर कारखाना, दूध, शिक्षणसंस्था, त्याची ख्याती सर्वांना आहेच. १९९८ साली केंद्र सरकारने तिथे एक मोठी योजना हाती घेतली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणेच्या परिसरातली ७० गावे संगणकांनी जोडायची. खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि उरलेला १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. गावातल्या केंद्रात बसून शेतकऱ्याला पिकाचा सल्ला, बाजारभाव, सातबारा, एस्टीचे वेळापत्रक असे सर्व काही मराठीत मिळावे, हा बेत. शेतकरी संगणकापुढे बसलेला आहे, अशी चित्रे तेव्हा वर्तमानपत्रांतून येत. आम्हा दक्षिणेकडच्यांना हेवा वाटे.

काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले तेव्हा निराळेच दिसले. केंद्रे चालू होती, पण ती मुख्यतः एका कामासाठी. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन किती भरले, बिल किती झाले, खत किती उचलले. बाकीच्या बेताला फारसे कुणी शिवले नव्हते. आणि यंत्रावर हात होता तो केंद्र चालवणाऱ्या पोराचा. शेतकरी बाहेर उभा राहून त्याला विचारी आणि कागद घेऊन घरी जाई. यात हसण्यासारखे काही नाही. शेतकऱ्याला उसाचे वजनच हवे होते. काट्यावर आपला ऊस किती भरला हे त्याच दिवशी, छापील कागदावर कळणे, ही लहान गोष्ट नव्हे. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यालाच त्याचे मोल कळेल.

पुढची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी त्यांतल्या सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरच्या संदेशाने हेच काम करून पाहिले आणि २००७ मध्ये त्याचा अहवाल मांडला. काम तेवढेच झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक आवडले. अडीच कोटींच्या यंत्रजाळ्याचे काम खिशातल्या साध्या फोनने केले, कारण त्या फोनची किल्ली शेतकऱ्याच्या खिशात होती.

त्यानंतर योजनांना बहर आला. राज्याचा 'संग्राम' प्रकल्प २०११ मध्ये ग्रामपंचायतीत संगणक आणि तो चालवणारा माणूस घेऊन आला. त्याची जागा पुढे 'आपले सरकार' सेवा केंद्रांनी घेतली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याच्या बेताला त्याच साली मंजुरी मिळाली; त्याचेच नाव नंतर भारतनेट झाले. २०१७ साली केंद्राने खेड्यांतल्या सहा कोटी घरांतल्या प्रत्येकी एका माणसाला संगणक आणि मोबाइल वापरायला शिकवण्याची योजना काढली. घरटी एक माणूस! सरकारला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला समजते. पण आमच्या गावात घरटी एक म्हटले की तो कोण असणार हे विचारायला नको. शिकायला आला तो थोरला मुलगा, ज्याला बहुतेक सगळे आधीच येत होते. घरातली सून दाराआडून बघत होती. साठ वर्षांपूर्वी आजी पाण्याच्या वाटेवर उभ्या होत्या तशीच.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हे सारे आम्हा शिक्षकांच्या अंगावर आले. धडे मोबाइलवर पाठवा असे ठरले. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली, ती खरोखर चांगली होती. पण माझ्या वर्गातल्या तीन भावंडांत एक फोन, तोही बापाचा. बाप सकाळी कामाला गेला की शाळा त्याच्या खिशातून गेली. रेंज मिळायची ती गावावरच्या सड्यावर, आणि तिथेही कधी महाराष्ट्राची, कधी कर्नाटकाची. भर पावसात छत्रीखाली फोन धरून बसलेली पोरे मी पाहिली आहेत. शेवटी आम्ही काय केले? प्रश्नांचे कागद छापले आणि वाड्यावस्त्यांवर हिंडून घरोघर दिले. मोठ्या वाडीत एखादी आठवीतली मुलगी ओसरीवर लहानांना गोळा करून फोनवरचा धडा ऐकवी, मग तो बंद करून त्यांच्याकडून म्हणवून घेई. तिने न्यूराथचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. पण अशा ओसऱ्यांवरची मुले शाळा उघडल्यावर वाचू शकत होती, आणि घरात एकटी फोन घेऊन बसलेली पुष्कळशी अडखळत होती.

आता स्वस्त धान्याच्या दुकानातही यंत्र आहे. अंगठा टेकवायचा, नाव उमटले की धान्य. मध्येच धान्य खाणाऱ्यांना त्याने चांगलाच आळा बसला, हे कबूल केलेच पाहिजे. पण आमचा तालुका काजूचा. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या शेकडो बाया आहेत. टरफलातले तेल लागून त्यांच्या बोटांची कातडी भाजते, सोलते, आणि अंगठ्यावरच्या रेषाच पुसून जातात. परवा मी दुकानात उभा होतो. माझ्यापुढच्या बाईने अंगठा चार वेळा टेकवला, पदराने पुसून पुन्हा टेकवला. यंत्र नाहीच म्हणत राहिले. अशा वेळी मोबाइलवर आलेला आकडा सांगूनही धान्य देता येते, तशी सोय आहे. फोन मात्र तिच्या मुलाच्या नावावर, आणि मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला. दुकानदाराने आपल्या फोनवरून त्याला लावला. तो भांडी घासत होता की काय कोण जाणे, तिसऱ्या खेपेला त्याने उचलला. त्याने एकेक आकडा सांगितला, दुकानदाराने मोठ्याने म्हणत यंत्रात घातला, आणि बाईने पिशवीचे तोंड उघडून धरले.