अँडीज ते ॲमेझॉन : पेरूच्या सहलीची पूर्वतयारी

कुस्को आणि पुएर्तो माल्दोनादो या पेरूमधील दोन शहरांत सरळ रेषेत अंतर सुमारे ३०० किलोमीटरचे. विमान तासाभराच्या आत पोहोचते. पण पहिले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, तर दुसरे जेमतेम २०० मीटरवर आहे. एकीकडे इंका राजधानीचे दगडी चिरे आणि रात्रीची बोचरी थंडी, दुसरीकडे घामाने अंग चिंब करणारे वर्षावन. दक्षिण अमेरिकेत पर्वत आणि अरण्य एकाच सहलीत पाहता येतात, ते या निकटतेमुळे. आणि सहलीची घडी विसकटते, तीही बहुधा याच उंचीचा हिशेब न केल्यामुळे.

सुमारे ७००० किलोमीटर लांबीची अँडीज पर्वतरांग व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना अशा सात देशांतून जाते. हे सारे एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरल्यास निम्मी सुट्टी विमानतळांवरच खर्ची पडते. पहिल्या भेटीसाठी पेरू हा एकच देश निवडणे शहाणपणाचे. कारण समुद्रकिनारा, इंका संस्कृतीचे अवशेष, टिटिकाका सरोवर आणि ॲमेझॉनचे खोरे असे चारही टप्पे त्याच्या सीमेत सामावले आहेत.

कोणता महिना निवडावा?

सह्याद्री ओलांडला की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो, हे महाराष्ट्रात शाळेतच शिकवले जाते. पेरूमध्ये हेच चित्र उलट दिशेने दिसते. बाष्पाने भरलेले वारे पूर्वेकडून, ॲमेझॉनच्या बाजूने येतात आणि अँडीजच्या पूर्व उतारावर कोसळतात. पश्चिमेचा किनारा मात्र कोरडा राहतो. राजधानी लिमा हे त्यामुळे वाळवंटातील शहर आहे. एकाच सहलीत तीन हवामाने भेटतात, ती अशी.

दक्षिण पेरूच्या पर्वतभागात मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो. नोव्हेंबरपासून पाऊस वाढत जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याचा जोर सर्वाधिक असतो. जानेवारी २०१० मधील पूर आणि दरडींमुळे माचू पिचूच्या पायथ्याशी हजारो पर्यटक अडकले होते व त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते. महाराष्ट्रातील शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा मे महिना या दृष्टीने उत्तम. दिवाळीची सुट्टीही चालण्यासारखी असते, मात्र छत्री सोबत हवी. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पाऊस गृहीत धरूनच निघावे. जूनमध्ये आकाश निरभ्र असते, पण २४ जूनच्या ‘इंती रायमी’ या सूर्योत्सवासाठी कुस्कोत मोठी गर्दी होते आणि निवास महागतो.

मार्ग ठरवावा उंचीनुसार

कुस्कोची उंची साधारण लेहएवढी आहे. विमानाने थेट लेहला उतरलेल्यांना पहिल्या दिवशीची डोकेदुखी, मळमळ आणि जिना चढतानाची धाप ठाऊक असते. या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश होतो आणि प्रत्येक श्वासात कमी प्राणवायू फुप्फुसात जातो. शरीराला त्याची सवय होण्यास काही दिवस लागतात. वय कमी किंवा प्रकृती धडधाकट असली, तरी हा त्रास होणारच नाही असे नाही.

याचा तोडगा मार्गाच्या आखणीतच आहे. कुस्कोला उतरल्यावर तेथे मुक्काम न करता त्याच दिवशी मोटारीने उरुबाम्बा नदीच्या ‘सेक्रेड व्हॅली’त, म्हणजे पवित्र खोऱ्यात उतरावे. ओयांतायताम्बो हे गाव सुमारे २८०० मीटरवर आहे. तेथे दोन रात्री काढून माचू पिचूला जावे. हे स्थळ सुमारे २४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा तब्बल १००० मीटर खाली आहे, याची अनेकांना कल्पना नसते. तेथून परत येताना कुस्कोत राहावे आणि सर्वांत शेवटी सुमारे ३८०० मीटरवरील टिटिकाका सरोवर गाठावे. खालून वर जाण्याचा हा क्रम शरीराला मानवतो. वर्षावन सहलीच्या अखेरीस ठेवावे. डोंगरावरून उतरल्यानंतर ती दाट, दमट हवा विश्रांतीसारखी वाटते.

पहिले दोन दिवस भरपूर पाणी, हलका आहार आणि मद्य वर्ज्य, हे पथ्य पाळावे. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आरक्षणापूर्वी तपासणी करून घ्यावी. विश्रांती घेतानाही धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रात्र सरण्याची वाट न पाहता वैद्यकीय मदत घेऊन खाली उतरणे, हाच उपाय.

कुस्कोच्या हॉटेलांत पाहुण्यांना कोकाच्या पानांचा चहा देतात. पेरूमध्ये तो कायदेशीर आहे. भारतात मात्र कोकाची पाने अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे चहाची एक पुडीही आठवण म्हणून सामानात ठेवू नये.

माचू पिचू : आधी तिकीट, मग बाकी सारे

पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुती याच्या काळात उभारलेले हे नगर १९११ मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकी अभ्यासकामुळे जगापुढे आले. स्थानिक शेतकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते. युनेस्कोने १९८३ मध्ये कुस्को शहर आणि माचू पिचू या दोहोंना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

येथे दररोज ठरावीक संख्येनेच प्रवेश मिळतो. तिकिटावर दिवस, वेळ आणि आत फिरण्याचा मार्ग नमूद असतो. २०२४ पासून तीन मुख्य परिक्रमांची पद्धत लागू झाली. पहिली परिक्रमा वरच्या सज्जांवरून छायाचित्रांतले प्रसिद्ध दृश्य दाखवते, पण नगरात नेत नाही. तिसरी खालच्या भागातून जाते, तिच्यात ते दृश्य नाही. दुसऱ्या परिक्रमेत दोन्ही साधते, म्हणून तिची तिकिटे सर्वांत आधी संपतात. सहलीची तारीख ठरवताना आधी हे तिकीट, मग रेल्वे, मग हॉटेल आणि देशांतर्गत विमान असा क्रम ठेवावा. तिकिटावरील नाव व क्रमांक पारपत्राशी तंतोतंत जुळायला हवेत आणि मूळ पारपत्र प्रवेशद्वाराशी दाखवावे लागते. दरम्यान पारपत्राचे नूतनीकरण होणार असेल, तर ते आरक्षणापूर्वीच उरकावे.

पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावापर्यंत मोटाररस्ता नाही. ओयांतायताम्बोहून रेल्वेने जावे लागते. गाडीत मोठ्या बॅगा नेता येत नाहीत. एका रात्रीपुरते कपडे सोबत घेऊन उरलेले सामान हॉटेलात ठेवावे. गावातून वर जाण्यासाठी वळणावळणाच्या घाटाने अर्ध्या तासाचा बसप्रवास आहे.

चालत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार दिवसांची ‘इंका ट्रेल’ आहे. तिच्यावरील सर्वांत उंच खिंड ४२०० मीटरपेक्षा उंच आहे. दिवसाला ५०० जणांनाच परवाना मिळतो आणि त्यात मार्गदर्शक व हमालही धरलेले असतात. म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला निम्म्याहून कमी जागा येतात. परवाना अधिकृत संस्थेमार्फतच निघतो, तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि फेब्रुवारीत ही वाट देखभालीसाठी बंद असते. सहा महिने आधी नोंदणी करणे इष्ट.

अरण्यातील मुक्काम

ॲमेझॉनच्या अरण्यात शिरण्यासाठी पेरूमध्ये तीन प्रमुख वाटा आहेत. उत्तरेकडील इकितोस हे मोठे शहर असूनही देशाच्या रस्त्यांशी जोडलेले नाही. तेथे विमानाने किंवा नदीनेच जाता येते. कुस्कोहून अँडीज ओलांडून मेघवनांतून मानू राष्ट्रीय उद्यानात उतरणारी वाट पक्षिनिरीक्षकांची आवडती. ती अधिक वेळ मागते. ज्यांच्याकडे तीन-चारच दिवस आहेत, त्यांना पुएर्तो माल्दोनादोजवळचे ताम्बोपाता अभयारण्य सोयीचे. विमानतळावरून नदीकाठ आणि तेथून नावेने निवासस्थान, असा हा प्रवास.

येथे वाघ-सिंह दिसावेत तसे प्राणी समोर येतील, अशी अपेक्षा ठेवू नये. दाट झाडीत जग्वार दिसणे हा नशिबाचा भाग. मात्र नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर पहाटे क्षार खाण्यासाठी जमणारे मकाव आणि पोपट, सरोवरांतील महाकाय पाणमांजरे, रात्रीच्या फेरीत विजेरीच्या झोतात चमकणारे कैमनचे डोळे, हे पाहता येते. त्यासाठी किमान तीन रात्री हव्यात. एका रात्रीची धावती भेट पैशाचा अपव्यय ठरते.

जून ते ऑगस्टदरम्यान दक्षिणेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यांमुळे या अरण्यातही तापमान अचानक घसरते. स्थानिक लोक याला ‘फ्रियाखे’ म्हणतात. डोंगरासाठी घेतलेला स्वेटर म्हणून कुस्कोत ठेवून येऊ नये.

निवासस्थान निवडताना आणखी एक विचार आवश्यक आहे. ताम्बोपाता ज्या माद्रे दे दियोस प्रांतात आहे, तेथे बेकायदा सोन्याच्या खाणींनी अरण्याचे मोठे पट्टे उजाड केले आहेत. सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पारा नद्यांत आणि माशांत उतरतो. २०१९ मध्ये सरकारने ‘ऑपरेशन मर्क्युरी’ ही लष्करी मोहीम राबवली, तरीही प्रश्न संपलेला नाही. उभ्या जंगलातून गावकऱ्यांना उत्पन्न मिळाले, तरच ते टिकण्याची आशा. इन्फिएर्नो येथील एसे एखा आदिवासी समाजाची पर्यटक निवासात भागीदारी आहे. असे निवास निवडले, तर पर्यटकाचा पैसा योग्य ठिकाणी पोहोचतो.

लस, व्हिसा आणि विमा

पीतज्वराची लस हा भारतीय पर्यटकासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पेरू पीतज्वरग्रस्त देशांच्या भारतीय यादीत आहे. त्यामुळे देशाच्या कोणत्याही भागातून परतणाऱ्याकडे लसीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल, तर भारतातील विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होते. २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. साठी ओलांडलेल्यांना प्रथमच ही लस घेताना दुष्परिणामांचा धोका अधिक असतो, म्हणून त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावे. डॉक्टरांनी लस टाळण्यास सांगितल्यास, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. हिवतापाच्या गोळ्यांचा सल्लाही त्याच वेळी घ्यावा. घरी परतल्यावर काही आठवड्यांनीही ताप आल्यास अरण्यातील मुक्कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा असलेल्या भारतीयांना पेरूने २०१७ पासून व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. इतरांना व्हिसा घ्यावा लागतो. नियम बदलू शकतात, म्हणून वकिलातीकडून खात्री करावी. भारतातून लिमाला थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जावे लागते. अमेरिकेत केवळ विमान बदलण्यासाठीही त्या देशाचा व्हिसा लागतो.

विमा उतरवताना किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे तपासावे. आंदोलने व रस्ता रोको पेरूला नवे नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये उसळलेल्या आंदोलनानंतर जानेवारी २०२३ मध्ये माचू पिचू काही आठवडे बंद ठेवावे लागले होते. परतीच्या विमानाआधी लिमात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

शाकाहारींची सोय

लिमा आणि कुस्कोत शाकाहारी उपाहारगृहे आहेत. लहान गावांत मात्र ‘भाजीचे सूप’ मांसाच्या रश्श्यात शिजवलेले असू शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नकोत, एवढे स्पॅनिश शब्द पाठ असावेत. बटाटा, मका, किनोआ आणि रताळे सर्वत्र मिळतात. बटाट्याचे मूळच अँडीजमध्ये. तेथे त्याच्या हजारो जाती आजही पिकतात. मराठी घरातील उपवासाची साबुदाण्याची खिचडी पाहिली, तर त्यातील बटाटा, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कसाव्याच्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात रंगीबेरंगी बटाट्यांच्या राशींपुढे उभे राहिल्यावर परक्या मुलुखात माहेरची माणसे भेटल्यासारखे वाटावे.

एकोणीस दिवसांचा आराखडा

दिवस १-२ : मुंबई ते लिमा. (घड्याळ साडेदहा तास मागे.)
दिवस ३ : लिमात विश्रांती.
दिवस ४-५ : विमानाने कुस्को, लगेच पवित्र खोऱ्यात, ओयांतायताम्बो, मारासची मिठागरे, मोरायच्या वर्तुळाकार पायऱ्या.
दिवस ६-७ : रेल्वेने आग्वास कालिएन्तेस, दुसऱ्या दिवशी माचू पिचू, रात्री कुस्को.
दिवस ८-९ : कुस्को, कोरिकांचा, साक्सायवामान.
दिवस १०-१२ : बसने पुनो, टिटिकाकावरील उरोसची तरंगती बेटे व ताकिले, कुस्कोला परत.
दिवस १३-१५ : विमानाने पुएर्तो माल्दोनादो, अरण्यात तीन रात्री.
दिवस १६-१७ : लिमा, एक दिवस राखीव.
दिवस १८-१९ : परतीचा प्रवास.

सुट्टी कमी असल्यास टिटिकाकाचे तीन दिवस वगळून सहल सोळा दिवसांत बसवता येते. राखीव दिवस आणि पवित्र खोऱ्यातील दोन रात्री मात्र कापू नयेत. पाहण्याची ठिकाणे पुढच्या खेपेसाठी ठेवता येतात. बिघडलेली प्रकृती किंवा चुकलेले विमान मात्र उरलेली सारी सहल घेऊन जाते.