कडाबीन बाळगण्याचे लाभ व तोटे

जुन्या दप्तरांतील शस्त्रांच्या याद्या वाचतांना तलवार, भाला, बंदूक, जेजाल, जंबुरा हीं नांवें वाचकास अडवीत नाहींत. ‘कडाबीन’ हा शब्द आला म्हणजे मात्र घोटाळा सुरू होतो. कोणी तिला पिस्तूल समजतो, कोणी रुंद तोंडाची बंदूक समजतो, आणि कोणी ‘एक प्रकारची बंदूक’ एवढीच टीप देऊन पुढें जातो. आमच्या मतें ही वस्तु कोणती होती हें ठरविण्यापूर्वीं ती बाळगणारास तिचा उपयोग काय होता आणि ती त्यास किती महाग पडे, हें पाहिलें पाहिजे. हा हिशेब भिवंडी शहराला लागून असलेल्या राहनाळ व त्याच्या आसपासच्या मुलुखास धरून मांडावा, असा आमचा हेतु आहे. त्यास एक तांतडीचें कारणहि आहे. तें लेखाच्या शेवटीं सांगूं.

प्रथम शब्द. तो मूळचा युरोपांतला असून तुर्कींतील ‘कराबीन’ या रूपानें आपल्याकडील भाषांत शिरला. मराठींत कडाबीन व कराबीन अशीं दोन्ही रूपें आढळतात. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसल्यामुळें ‘बिन’ कीं ‘बीन’ यावरून कांहीं ठरत नाहीं. ‘हिंदी शब्दसागर’ या कोशांत या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत : एक, अनेक गोळ्या भरून उडविण्याची रुंद तोंडाची बंदूक, आणि दुसरा, कमरेस बांधण्याजोगी लहान बंदूक. लष्करी भाषेंत मात्र मुख्य अर्थ तिसराच आहे, तो म्हणजे घोडेस्वारासाठीं आखूड केलेली बंदूक. तेव्हां एकाच नांवाखालीं तीन वस्तु नांदत आल्या, हें प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत आम्ही तिसऱ्या अर्थानेंच हा शब्द वापरीत आहों.

आतां मुलूख. कल्याण-भिवंडी इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं घेतली. पुढें साष्टी व वसई पोर्तुगिजांकडे असतां हा भाग दोन सत्तांच्या सीमेवर राहिला. वसईच्या मोहिमेस चालना देणारे गंगाजी नाईक ज्या अंजूरचे, तें गांव राहनाळच्या शेजारटापूंतलेंच आहे. १७३७ च्या मार्चअखेर ठाणें मराठ्यांनीं घेतलें आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें वसईचा किल्ला खालीं झाला. खाडी, खाजण, होडी आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस हें या मुलुखाचें स्वरूप आहे. येथें शस्त्र बाळगणारास तें घोड्यावर जसें वागवावें लागे तसेंच होडींतहि वागवावें लागे, आणि दारू कोरडी ठेवणें हें नेम धरण्याइतकेंच महत्त्वाचें होतें.

अशा मुलुखांत तोड्याच्या बंदुकीची अडचण उघड आहे. तिची जामगी पेटती ठेवावी लागते. एका हातांत लगाम, दुसऱ्यांत बंदूक, आणि जामगी विझूं द्यावयाची नाहीं, शिवाय तिची ठिणगी दारूच्या शिंगावरहि पडूं द्यावयाची नाहीं, ही कसरत घोड्यावर साधणें फार कठीण. गारेच्या चापाची बंदूक आली तेव्हां ही अडचण बरीच दूर झाली, आणि आखूड बंदूक घोडेस्वाराच्या खऱ्या उपयोगाची झाली ती त्यानंतरच. तथापि रंजक ओली झाली तर गारहि निरुपयोगी. आणि म्हणून पावसाळ्याचा प्रश्न कडाबिनीनें सोडविला असें कोणी समजूं नये. दसऱ्यानंतर मोहीम काढावी व मृगापूर्वीं ती आटोपावी, ही जुनी रीति नव्या चापानेंहि बदलली नाहीं.

कडाबिनीचे गुण मोजूं. आखूड नळी घोड्याच्या मानेवरून दोन्ही बाजूंस फिरवितां येते. होडींत ती कोणास आदळत नाहीं. वजन कमी असल्यानें दिवसभराच्या दौडींत खांदा भरून येत नाहीं. पिस्तुलापेक्षां तिचा पल्ला अधिक, कारण खांद्यास टेंकण मिळाल्यानें हात स्थिर राहतो. दोष मोजूं. नळी आखूड म्हणून सगळी दारू आंत जळत नाहीं, तोंडाशीं ज्वाळा मोठी निघते आणि गोळीचा जोर लांब बंदुकीहून कमी पडतो. गुळगुळीत नळीची कडाबीन तोंड खालीं करून घोड्यास अडकविली, तर दौडीच्या धक्क्यांनीं गोळी गळून पडे आणि हें स्वारास कळतहि नसे. घोड्यावर ठासण्याचा गज हातांतून निसटला तर ती केवळ एक काठी उरे. याच कारणास्तव इंग्रजांनीं १८०८ च्या सुमारास प्रचारांत आणलेल्या पॅजेट कडाबिनीचा गज नळीच्या तोंडाशीं खिळीनें जखडलेला असे. तिची नळी सोळा इंचांची होती. कंपनीच्या पायदळाच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची एकोणचाळीस इंचांची. या दोन आंकड्यांतच कडाबिनीचे गुण व दोष एकत्र आले आहेत.

येथवर जें सांगितलें तें वस्तूविषयीं झालें. बाळगण्याचा हिशेब याहून वेगळा आहे, आणि त्यासाठीं बारगीर व शिलेदार यांतील भेद उपयोगी पडतो. बारगीराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा व हत्यार स्वतःचें. घोडा मेला वा शस्त्र मोडलें तर शिलेदाराचें भांडवल बुडे. भाल्याचा दांडा तुटला तर बांबू कोठेंहि मिळे, तलवारीस शिकलगार पुरे. परंतु गारेच्या कडाबिनीचा चाप बिघडला कीं कुशल कारागीर शोधावा लागे, आणि चांगली दारू, गार व शिसें यांचा खर्च चालूच राही. ज्या स्वाराचें मुख्य बळ वेगांत व भाल्यांत होतें, त्यानें हा खर्च कां करावा, असा प्रश्न रास्त आहे. मराठी फौजेंत बंदुकीचें काम पायदळानें व पुढें गारद्यांनीं अधिक केलें, याचें एक कारण आम्हांस या हिशेबांत दिसतें.

यानंतर गोळीचा प्रश्न, आणि तोच आमच्या मतें सर्वांत निर्णायक आहे. कडाबिनीच्या बाजूनें नेहमीं असें सांगतात कीं, कमरेच्या पिस्तुलास व हातांतल्या कडाबिनीस एकच गोळी चालली तर स्वारास दोन पिशव्या वागवाव्या लागत नाहींत. हा लाभ खरा आहे. इंग्रजी लष्करांत तीन मापें ठरलेलीं होतीं : पायदळाच्या बंदुकीच्या गोळ्या एका पौंड शिशाच्या चौदा, कडाबिनीच्या वीस, आणि पिस्तुलाच्या चौतीस. पुढें स्वारांच्या पिस्तुलाची नळी कडाबिनीच्या मापाचीच करण्यांत आली, तेव्हां वीसच्या मापाची गोळी दोन्हींस चालूं लागली. परंतु ही सोय स्वारानें केलेली नव्हे. ती नमुने ठरविणाऱ्या, नळ्या तपासणाऱ्या व काडतुसें वांटणाऱ्या कोठारानें केली होती. आपल्याकडील देशी बंदुकींची नळी ज्या त्या लोहाराच्या हातची, म्हणून प्रत्येकीचा गोळीचा साचा वेगळा. अशा स्थितींत दोन शस्त्रें एका गोळीचीं असणें हा योगायोग, आणि दोन स्वारांच्या गोळ्या जुळणें हा त्याहून मोठा योगायोग. महादजी शिंद्यांच्या पलटणींसाठीं आग्र्यास तोफा व बंदुकांचे कारखाने निघाले, तेव्हां एका मापाची शिस्त उत्तरेंत मराठ्यांच्याहि सेवेंत आली. पण ती पलटणींस लाभली, घरचें हत्यार आणणाऱ्या शिलेदारास नव्हे.

हाच न्याय पुढच्या काळासहि लागू पडतो. अमेरिकेंत विंचेस्टर कारखान्यानें १८७३ मध्यें एक आखूड रायफल व तिची .४४ मापाची धातूची काडतुसें काढलीं, आणि थोड्याच वर्षांत कोल्ट कारखान्यानें त्याच काडतुसाचें रिव्हॉल्व्हर विकण्यास काढलें. दुकानोदुकानीं तेंच काडतूस मिळूं लागल्यामुळें एकट्या माणसासहि ही जोडी परवडली. येथें कोठाराचें काम बाजारानें केलें. विसाव्या शतकांत ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसानें लष्करांत तीच जागा घेतली. ब्रिटिश स्टर्लिंग नमुन्याची कडाबीन आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यांत तयार झाली. तिची नळी आठ इंचांहून किंचित् कमी असून तिच्या खोक्यांत चौतीस काडतुसें मावतात, आणि लष्करी पिस्तुलाचें काडतूसहि तेंच आहे. तथापि पिस्तुली काडतुसांतील दारू थोडी. ती आखूड नळींतच जळून संपते. नळी लांब केली तर जोर कांहींसा वाढतो, पण तिची रायफल होत नाहीं. नेम सुधारतो, धक्का कमी बसतो. पल्ला मात्र मर्यादितच राहतो.

हा लाभ आज आपल्या देशांतील खासगी माणसास मिळतो काय, हें पाहण्यास कायद्याचा इतिहास पाहिला पाहिजे. १८५७ च्या २८ व्या कायद्यानें शस्त्रांवर निर्बंध आले. १८७८ च्या ११ व्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा झाला, आणि त्यांतून युरोपियनांस सूट मिळाली. हा अपमान लोकांस किती झोंबला याची साक्ष १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रसभेच्या ठरावांत आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. ९ मिलिमीटरची गोळी व चाप दाबून धरतांच सतत उडणारें शस्त्र हीं निषिद्ध वर्गांत मोडतात. सामान्य परवानाधारकाजवळ .३२ चें पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर, .३१५ ची रायफल किंवा बारा बोअरची बंदूक असते. या तिन्हींचीं काडतुसें वेगवेगळीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसानें बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. म्हणजे एक गोळी व दोन शस्त्रें हा जो कडाबिनीचा मुख्य गुण, तोच येथील खासगी माणसाच्या वांट्यास सहसा येत नाहीं.

या सर्वांवरून आमचा निर्णय असा. कडाबीन बाळगण्याचा लाभ तिच्यामागें एका मापाचें कोठार असेल तेथें पूर्ण मिळतो. कोठार नसेल तेथें तिचे दोषच बाळगणाराच्या पदरीं पडतात. म्हणून कागदांतील ‘कडाबीन’ हा शब्द सरकारी शिलेखान्याच्या किंवा पलटणीच्या यादींत, काडतुसांच्या आंकड्याशेजारीं आला तर तो लष्करी आखूड बंदुकीचा समजण्यास हरकत नाहीं. तोच शब्द एखाद्या घरच्या चीजवस्तूंच्या यादींत, गोळी वा साच्याचा उल्लेख नसतां आला, तर रुंद तोंडाची किंवा कमरेची बंदूकहि संभवते, आणि संपादकानें तेथें ठाम टीप देऊं नये.

आतां तें तांतडीचें कारण. राहनाळ, पूर्णा, काल्हेर या भागांत शेतजमिनींवर गोदामें उभीं राहिलीं असून जुनीं घरें झपाट्यानें पाडलीं जात आहेत. अशा घराच्या माळ्यावर वा जोत्याखालीं जुनें हत्यार निघालें, तर त्याची वाट बहुधा भंगाराच्या वजनकांट्याकडे जाते, किंवा ‘जुन्यास परवाना लागत नाहीं’ या समजुतीवर तें कोणी गुपचूप विकत घेतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. १९५९ च्या कायद्याचें ४५ वें कलम जुन्या नमुन्याच्या वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट देतें. पण तें दुरुस्त करूनहि उडवितां येऊं नये, ही तेथें अट आहे. केवळ शंभर वर्षें झालीं म्हणून चालू स्थितींतील कडाबीन मोकळी होत नाहीं. जमिनींत पुरलेलें निघालें आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्याच निखात निधीच्या कायद्यानें कलेक्टरास खबर देणें भाग आहे. शंभर वर्षांवरील वस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखितें यांस १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा लागू होतो, आणि खासगी माणसास तीं परदेशीं पाठवितां येत नाहींत.

संग्राहकांस म्हणून आमची विनंती आहे. अशी कडाबीन नजरेस आली तर ती भरलेली आहे असेंच समजावें, कारण तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींत जुना बार राहिलेला असूं शकतो. ती उडवून पाहण्याचा मोह धरूं नये. नळीची लांबी व तोंडाचें माप टिपावें. गज, साचा, शिंग, गोळ्या जें जवळ सांपडेल तें तिच्यापासून वेगळें करूं नये, कारण गोळीचें माप हीच तिची खरी ओळख आहे. कोणत्या गांवीं, घराच्या कोणत्या भागांत ती निघाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि ती पोलिसठाण्यांत वा परवानेदार विक्रेत्याकडे रीतसर जमा करून मगच तिच्या परवान्याचा किंवा संग्रहालयाचा विचार करावा. एका मापून ठेवलेल्या नळीनें व तिच्या साच्यानें शेंकडों याद्यांतील एका शब्दाचा उलगडा होईल. लोखंड भंगारांत गेलें आणि नोंदहि राहिली नाहीं, तर तो शब्द कागदांत पुन्हां अर्थावांचून पडून राहील.