सेस, गोखले आणि तेरा मतं

तुमचा फॉर्म सोळा काढा आणि त्यात खालच्या बाजूला एक ओळ शोधा. 'हेल्थ अँड एज्युकेशन सेस', चार टक्के. आपल्यापैकी बहुतेक जण टॅक्सचा एकूण आकडा बघून उसासा टाकतात आणि फाईल बंद करतात. मीही तेच करायचो. पण मागच्या महिन्यात एका मित्राने जेवताना विचारलं, "हा सेस नक्की आला कुठून रे?" मी उत्तर दिलं, "२००४ च्या बजेटमध्ये. तेव्हा दोन टक्के होता, २००७ मध्ये तीन झाला, २०१८ मध्ये आरोग्याला सोबत घेऊन चार." तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं. पण मग दोन-तीन शनिवार जुनी भाषणं आणि कौन्सिलची कामकाजं चाळत बसलो, आणि लक्षात आलं की 'सगळ्यांची मुलं शिकवायची तर पैसे कोणी द्यायचे' हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे. आणि त्यातली निम्मी पात्रं आपल्या पुण्याची आहेत!

सुरुवात गोखल्यांपासून करतो. शाळेच्या पुस्तकात गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे एक परिच्छेद: मवाळ, गांधीजींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाज (१९०५). झालं. परीक्षेत दोन मार्क. ते फर्ग्युसनला गणितही शिकवायचे आणि त्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक कित्येक वर्षं शाळांतून चाललं, हे फारसं कोणी सांगत नाही. मला मात्र त्यांचं बिल वाचताना हे सारखं जाणवत होतं. माणूस भावनेने बोलतो, पण आकडे हातात धरून.

मार्च १९१० मध्ये त्यांनी इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये ठराव आणला, की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायला सुरुवात करावी, आणि त्यासाठी एक कमिशन नेमावं. भाषणात त्यांनी देशादेशांची तुलना मांडली. एकूण लोकसंख्येतले किती टक्के लोक प्राथमिक शाळेत आहेत? अमेरिकेत २१, जपानमध्ये ११, ब्रिटिश हिंदुस्थानात १.९. १९११ च्या खानेसुमारीत साक्षरता सहा टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव जण निरक्षर होते. सरकारने 'विचार करू' म्हटलं, गोखल्यांनी ठराव मागे घेतला. (सरकारी 'विचार करू'चा अर्थ तेव्हाही तोच होता.) मग १६ मार्च १९११ ला त्यांनी थेट बिलच मांडलं.

आता हे बिल कसं होतं ते बघा, कारण इथेच खरी गंमत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फेज्ड रोलआऊट होता. एका दिवसात देशभर सक्ती अजिबात नाही. ज्या भागात आधीच ठरावीक टक्के मुलं शाळेत जातात (गोखल्यांच्या मनात आकडा ३३ टक्क्यांचा होता) तिथेच कायदा लागू होणार. तेही तिथल्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने मागितलं तरच, आणि वर प्रांतिक सरकारची परवानगी मिळाली तरच. वय सहा ते दहा. आधी फक्त मुलगे, मुलींचं पुढे जमेल तसं. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलायचा आणि दोन हिस्से सरकारने, आणि आपला हिस्सा उभा करायला स्थानिक संस्थेला शिक्षण कर बसवता येईल. आयर्लंडचा १८९२ चा कायदा आणि इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे समोर ठेवूनच हे सगळं बेतलेलं होतं, म्हणजे साहेबाला 'हे अशक्य आहे' म्हणायची सोय नको!

इतकं सौम्य बिल. इतक्या अटी. तरी पडलं.

बिल वर्षभर मतं मागवायला प्रांतोप्रांती फिरलं आणि बहुतेक प्रांतिक सरकारांनी नकारच कळवला. कारणं ओळखीची वाटतील: लोकांची मागणी नाही, वेळ आलेली नाही, शिकवलेले मास्तर नाहीत, इमारती नाहीत, पैसा नाही, आधी ऐच्छिक शिक्षणच वाढवू. शिक्षण खात्याचे मेंबर सर हारकोर्ट बटलर यांनी हीच बाजू लावून धरली. गोऱ्या अधिकाऱ्यांचं एक वेळ समजू शकतं, पण सगळे हिंदी सभासद तरी एका बाजूला होते का? नव्हते. पंडित मालवीय आणि तेव्हा पस्तिशीत असलेले बॅरिस्टर जिना हे दोघं गोखल्यांच्या बाजूने बोलले (आज ही दोन नावं एका वाक्यात लिहिताना जरा गंमत वाटते), पण उलट मत देणारे हिंदी लोकही होतेच. शेतमजुराचा पोरगा शाळेत गेला तर गुरं कोण राखणार, हा प्रश्न सभ्य शब्दांत बांधून मांडता येतो, आणि तो तसा मांडला जात होता.

आणि पैशाबद्दल गोखले काय म्हणाले ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. या माणसाने मिठावरचा कर कमी व्हावा म्हणून कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं भांडण केलं होतं. तेच गोखले आता म्हणतात, जकात वाढवा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर मिठावरचा कर पुन्हा मणामागे आठ आणे वाढवला तरी माझी हरकत नाही. माझ्या लोकांनी मीठ थोडं कमी खाल्लेलं परवडेल, त्यांची मुलं अडाणी राहिलेली परवडणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. ज्या गोष्टीसाठी आयुष्यातली काही वर्षं घातली तीच दुसऱ्या गोष्टीसाठी टेबलावर ठेवायची, हे सोपं नाही. हा हिशेब बरोबर होता का? मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण मीठ कमी खाणारा तो गरीबच होता.

१९ मार्च १९१२. बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठवावं एवढीच मागणी होती. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. कौन्सिलमध्ये सरकारी सभासदांचं बहुमत असायचं, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता, आणि गोखल्यांनी तो मतदानाआधी स्वतःच सांगून टाकला होता. तक्रार नाही, इंग्लंडलाही १८७० च्या कायद्याआधी असे बरेच प्रयत्न करावे लागले, आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणं आलं आहे, असा काहीसा सूर. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ ला, ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

अगदीच काही हाती लागलं नाही असं मात्र नाही. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहाने शिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर केले आणि फेब्रुवारी १९१३ च्या सरकारी ठरावात सक्ती नाकारून का होईना, प्राथमिक शाळा वाढवायचं कबूल केलं. बिल पाडायचं आणि त्यातलं थोडंसं स्वतःच्या नावावर द्यायचं, ही सरकारांची जुनी युक्ती.

पण इथे मला गोखल्यांशी थोडं भांडायचं आहे. ३३ टक्के मुलं आधीच शाळेत असलेला भाग म्हणजे कोणता? शहर. पेठा. जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथे हा कायदा पोचायलाच कित्येक वर्षं लागली असती. आणि हे बोलणारा मी काही पहिला नाही. बिलाच्या तीस वर्षं आधी, १८८२ मध्ये, हंटर कमिशनसमोर जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं होतं. सरकारचं उत्पन्न येतं रयतेच्या घामातून आणि ते खर्च होतं वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा सरळ आरोप होता. मागणीही सरळ: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, आणि शेती-आरोग्य असे कामाचे विषय शिकवा. टक्केवारीची अट वगैरे काही नाही.

आणि सेस? तो तेव्हाही होता! मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड कर होता आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी असायचा. म्हणजे शिक्षणाचा सेस आपल्या आधी कुणबी भरत होता, आणि त्याच्या गावात शाळा असेलच याची खात्री नव्हती.

फुल्यांचं हे निवेदन वाचताना मला माझंच कॉलेज आठवलं. सरकारी इंजिनियरिंग कॉलेज. माझी वर्षाची फी आज पुण्यातल्या बऱ्यापैकी नर्सरीच्या फीपेक्षा कमी होती. बाकीचा खर्च कोणी केला? त्यात असे लोकही होते ज्यांची मुलं दहावीपर्यंतही पोचली नाहीत. कॅन्टीनमध्ये आम्ही 'टॅक्सपेअर्स मनी'वर तावातावाने वाद घालायचो, तेव्हा आमच्यातल्या एकानेही अजून एक रुपया टॅक्स भरलेला नव्हता :)

असो. 'लोकांची तयारी नाही' या मुद्द्याला खरं उत्तर दिलं ते संस्थानांनी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लावला, मुलींसकट. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात कायदा केला. म्हणजे साहेबाच्या सीमेपलीकडे तीच माणसं, तोच दुष्काळ, तीच गुरं, आणि तिथे सक्ती चालत होती. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई कौन्सिलमधून कायदा काढून घेतला. पण त्यानेही नगरपालिकांना फक्त मुभा दिली, सक्ती करा असं कोणालाच सांगितलं नाही.

ती मुभा वापरायची म्हटल्यावर पुण्यात काय झालं? १९२० च्या सुमारास नगरपालिकेत वाद पेटला. पैसे अपुरे आहेत, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांना करावी की मुलामुलींना एकदम? आधी मुलगे म्हणणाऱ्यांत खुद्द लोकमान्य टिळक होते. पुण्याच्या बायका याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्या पुढे रमाबाई रानडे होत्या. शाळेत आपण 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या रमाबाई शिकतो, पण हट्टाने मोर्चा काढणाऱ्या रमाबाई नाही. 'आधी मुलगे' हा हिशेब कागदावर फार शहाणा दिसतो. माझ्या पणजीचे दोन भाऊ चौथीपर्यंत शिकले. पणजी शेवटपर्यंत पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवत होती, आणि रेडिओवरच्या बातम्या मात्र आम्हाला ती समजावून सांगायची.

१२ मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर मुंबई कौन्सिलमध्ये बजेटवर बोलायला उभे राहिले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हे त्यांनी दाखवलं. त्याहून बोचरा त्यांचा दुसरा आकडा आहे: शाळेत आलेल्या शंभर मुलांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. नाव घातलं म्हणजे शिकलं नव्हे, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आपण एनरोलमेंटचे आलेख बघून आजही खूश होतो.

मग स्वातंत्र्य आलं. राज्यघटनेच्या मसुद्यात प्राथमिक शिक्षणाला प्रत्येक नागरिक हक्कदार आहे, असे शब्द होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ते गाळले गेले आणि उरलं मार्गदर्शक तत्त्व: राज्य दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. डेडलाईन १९६०. आपल्या प्रोजेक्टच्या डेडलाईन त्यामानाने बऱ्याच म्हणायच्या!

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्कच आहे असं म्हटलं. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून अंमल. गोखल्यांच्या बिलाला तोवर नव्व्याण्णव वर्षं झाली होती. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवरून भांडणं अजून चालूच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. या वेळी पालक आणि संघटना कोर्टात गेले म्हणून.

सेसचंही सांगायला हवं. प्राथमिक शिक्षणाच्या दोन टक्क्यांसाठी वेगळा कोश निघाला. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या एक टक्क्याचं काय? २००६-०७ ते २०१६-१७ या काळात गोळा झालेले ८० हजार कोटींहून जास्त रुपये त्यांच्या ठरलेल्या कोशात गेलेच नाहीत, असं कॅगने अहवालात नोंदवलं. तोपर्यंत तो कोशच तयार झालेला नव्हता.

आणि एक गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. उन्नीकृष्णन निकालात हक्क जन्मापासून चौदाव्या वर्षापर्यंत होता. २००२ च्या दुरुस्तीत तो सहा ते चौदा झाला. सहाच्या आतली मुलं अनुच्छेद ४५ मध्ये गेली, आणि तिथे राज्य त्यांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी 'प्रयत्न करील' असं लिहिलेलं आहे. १९४८ मध्ये मोठ्या मुलांसाठी वापरलेलं क्रियापद आता धाकट्यांच्या वाट्याला आलं आहे, आणि या वेळी तर दहा वर्षांची मुदतही घातलेली नाही.